सोप्रानो की टेनर: पहिले युकुलेले कोणते घ्यावे?

१८७९ मध्ये मदेरा बेटांवरून होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या छोट्या तंतुवाद्यांतून हवाईत युकुलेले हे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य घडले आणि त्याचा तो चिमुकला बांधा सोप्रानो या लहान आकाराने आजही राखला आहे. पहिले वाद्य सोप्रानो घ्यावे की टेनर हा मोठा आकार, या पेचात माझी भाची पडली, म्हणून ही तुलना.

सोप्रानोची लांबी सुमारे २१ इंच, तर टेनरची २६ इंच असते. मात्र खरा फरक पडतो तो कंप पावणाऱ्या तारेच्या लांबीमुळे, जी अनुक्रमे १३ आणि १७ इंच असते. सोप्रानोवर डी मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरताना एकाच पडद्याजवळ तीन बोटे कोंबावी लागतात (जाड बोटांची तर परीक्षाच), आणि तार आखूड असल्याने जरा जोर अधिक पडला तरी सूर चढतो. टेनरवर बोटे ऐसपैस बसतात, पण लहान मुलांचा हात ताणला जातो.

दोन्हींच्या तारा जी-सी-ई-ए या सुरांतच लावतात, त्यामुळे एकावर शिकलेले कॉर्ड दुसऱ्यावर चालतात. सोप्रानोचा नाद खणखणीत पण लवकर विरणारा असतो, तर टेनरचा भरदार आणि रेंगाळणारा. टेनरवर ‘जी’ सुराची तार एक सप्तक खाली लावून खर्जही मिळवता येतो. समान दर्जाच्या लाकडात टेनर सहसा महाग पडते.

लहान मुलांनी, प्रवासात वाद्य नेणाऱ्यांनी आणि गाण्याला केवळ कॉर्डची साथ देणाऱ्यांनी सोप्रानो घ्यावे. मोठ्या हातांच्या किंवा सुटे सूर वाजवू पाहणाऱ्या व्यक्तीने टेनरच घ्यावे. भाचीला मी टेनर सुचवले.