कासवाची अंडी: जागीच की हॅचरीत?
आंबोली उतरून वेंगुर्ल्याला, नाहीतर चोर्ला घाटातून मोरजीला जाणाऱ्या आम्हा बेळगावकरांत हा वाद रंगतोच. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाने घातलेली अंडी जागीच ठेवली तर हाताळणी टळते. पण समुद्र वर सरकतोय, खड्ड्यात खारं पाणी मुरलं की अंडी गेलीच. कुत्री, कोल्हे वेगळेच! हॅचरीत, म्हणजे अंडी उचलून नेऊन पुन्हा वाळूत पुरतात त्या जागी, कुंपण आहे, राखण आहे. खरी मेख मात्र तापमानात. वाळू साधारण ३० अंशांच्या वर राहिली की बहुतेक माद्याच निपजतात. हॅचरीतली सगळी घरटी एकाच उन्हात भाजतात, म्हणून वर शेडनेट (सावलीची जाळी) हवंच. शिवाय अंडी हलवायची तर काही तासांतच, अजिबात न फिरवता. मला विचाराल तर भरतीरेषेच्या वरचं घरटं जाळी लावून जागीच राहू द्या, खालचं तेवढं हलवा.