गिअरच्या गाडीवर मुलाला शिकवताना: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या १७ वर्षांच्या मुलाला गेले ८ महिने मी गाडी चालवायला शिकवत आहे. गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, ५ गिअरची आणि १० वर्षांहून जुनी आहे. तिला हँडब्रेकचा साधा दांडा आहे आणि चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय नाही. स्वयंचलित गिअरची गाडी हाताशी असूनही शिकवण्यासाठी मी मुद्दाम हीच घेतली. तो निर्णय योग्य होता असे आता मला खात्रीने वाटते. मात्र पहिल्या २ महिन्यांत जे कष्ट झाले त्यांतले निम्मे टाळता आले असते, आणि ते कसे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिल्या दिवशी मी त्याला क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, आरसे आणि गिअरचा नकाशा असे सगळे एकाच बैठकीत समजावून सांगितले. त्यानंतरच्या तासाभरात गाडी किती वेळा बंद पडली याची मोजदाद मी सोडून दिली. प्रत्येक वेळी मी कारण सांगत होते, आणि माझे सांगणे पूर्ण होण्याआधीच गाडी पुन्हा झटका खाऊन थांबत होती. चौथ्या दिवशी तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, तू बोलत असलीस की मला इंजिन ऐकू येत नाही." त्या एका वाक्याने आमच्या शिकवणीची पद्धत बदलली. क्लच नेमका कोठे पकडतो, म्हणजे पेडल किती वर आल्यावर इंजिनाचा जोर चाकांकडे जाऊ लागतो, हे शेजारी बसलेल्या माणसाला शब्दांत सांगता येत नाही. ते तळपायाला आणि कानाला समजावे लागते, आणि त्यासाठी गाडीत शांतता असावी लागते.

मग आम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्णपणे बाजूला ठेवला. सपाट, मोकळ्या मैदानात पहिला गिअर टाकायचा, उजवा पाय ब्रेकवरून काढून नुसता जमिनीवर टेकवायचा आणि क्लच इतक्या सावकाश सोडायचा की गाडी स्वतःहून चालू लागेल. पुष्कळ लोकांना हे शक्य वाटत नाही, परंतु हिशेब साधा आहे. रेस न देता नुसते चालू ठेवलेले पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. लहान गाडीत पहिला गिअर आणि चाकांआधीचा शेवटचा दात्यांचा जोड मिळून हे फेरे साधारण १४ पटीने कमी होतात, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ५७ वेळा फिरते. चाकाचा घेर १.८ मीटर धरला तर वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास येतो. झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग आहे. क्लच पकडू लागला की इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो, गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटते आणि स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते. त्या ठिकाणी पाय क्षणभर स्थिर ठेवायचा आणि गाडी सरकल्यावरच उरलेला क्लच सोडायचा. नवशिक्याची चूक जवळजवळ नेहमी हीच असते की गाडी हलली या आनंदात तो पाय एकदम उचलतो. सलग ३ दिवस, रोज अर्धा तास, आम्ही याखेरीज दुसरे काहीही केले नाही, आणि त्यानंतर सपाट जागी गाडी बंद पडणे जवळपास थांबले.

क्लचच्या आत काय घडते, हे मी त्याला दोन ताटल्यांनी दाखवले. एक ताटली इंजिनाबरोबर सतत फिरते, दुसरी चाकांशी जोडलेली असते. पेडल दाबले की त्या वेगळ्या होतात, सोडले की एकमेकींवर घट्ट बसतात, आणि अर्ध्या क्लचवर त्या घासत असतात. घासण्यातून उष्णता निर्माण होते आणि प्लेटचे अस्तर झिजते. हे एकदा समजल्यावर, चालत्या गाडीत क्लचवर पाय टेकवून ठेवू नये, हे मला पुन्हा सांगावे लागले नाही. किशोरवयीन मुलांना आज्ञेपेक्षा कारण लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

गिअर बदलण्याविषयी एक बारीक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. बहुतेक ५ गिअरच्या गाड्यांत न्यूट्रलमध्ये, म्हणजे कोणताच गिअर नसताना, गिअरचा दांडा सोडला की आतील स्प्रिंग त्याला आपोआप तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या रेषेत आणून ठेवते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मुठीत आवळून धरला तर हात नकळत स्वतःकडे किंवा दूर ओढला जातो आणि भलताच गिअर लागतो. तळहात उघडा ठेवून दांडा आधी न्यूट्रलमध्ये सोडला आणि मग सरळ पुढे ढकलला तर तो आपली वाट स्वतः शोधतो. मी सुरुवातीचे ५ आठवडे त्याला "नीट पकड" असे सांगत होते, आणि ते सांगणेच चुकीचे होते.

याच संदर्भात एका धोक्याविषयी मी त्याच्याशी गंभीरपणे बोलले. पाचव्यातून चौथ्यात येण्याऐवजी ताशी १०० किलोमीटरच्या वेगात चुकून दुसरा गिअर लागला आणि क्लच सोडला, तर आमच्यासारख्या गाडीत चाके इंजिनाला मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत ओढून नेतात. इंजिनाचे फेरे मर्यादित ठेवणारी यंत्रणा इंधन तोडू शकते, पण चाकांकडून येणारा हा जोर ती रोखू शकत नाही. त्यामुळे इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते आणि पुढची चाके एकाएकी घट्ट धरली जाऊन गाडी भरकटू शकते. म्हणूनच वेगात खालचा गिअर टाकताना घाई न करण्याची आणि क्लच हळू सोडण्याची सवय आम्ही प्रथमपासून लावली.

आता तक्रारीविषयी. पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत गिअरची गाडी शिकणाऱ्याचे निम्मे लक्ष खाऊन टाकते, आणि हा दोष मी कमी लेखणार नाही. वळणाच्या तोंडाशी गिअर उतरवताना माझ्या मुलाची नजर दांड्याकडे जात असे, आणि त्या १ सेकंदात ताशी ३६ किलोमीटरच्या वेगाने गाडी १० मीटर पुढे जाते. एकदा रस्त्याच्या कडेने सायकलवर येणारे मूल त्याला माझ्यानंतर दिसले. काही अनर्थ झाला नाही, परंतु त्याच संध्याकाळी मी ठरवले की दांड्याकडे न बघता पाचही गिअर टाकता येईपर्यंत रहदारीत जायचे नाही. आम्ही महिनाभर मैदानात आणि निर्मनुष्य रस्त्यांवर परतलो. त्याला हे अपमानास्पद वाटले आणि दोन दिवस तो माझ्याशी फारसा बोलला नाही, तरीही तो निर्णय मी आजही तसाच घेईन. स्वयंचलित गाडीत रस्ता वाचायला पहिल्या दिवसापासून मोकळे लक्ष मिळते, ही तिची खरी जमेची बाजू आहे.

चढाचा सराव मात्र या गाडीने उत्तम करून घेतला. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, थोडी रेस द्यायची, क्लच पकडू लागल्याचा आवाज ऐकायचा, गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसला की मगच हँडब्रेक सोडायचा. पाचव्या महिन्यात याच सरावात एके दिवशी जळका वास आला. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा वर जायचा, पण वेग त्या प्रमाणात वाढत नसे; क्लच घसरू लागल्याची ही नेहमीची खूण आहे. प्लेट आधीच जुनी होती, शिकण्यातल्या अर्ध्या क्लचने तिचा शेवट जवळ आणला. शिकवण्यासाठी जुनी गाडी घेणाऱ्याने हा खर्च आधीच गृहीत धरावा.

नवी प्लेट बसल्यानंतर जे घडले ते मला या ८ महिन्यांतले सर्वांत मोलाचे वाटते. जुना क्लच पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर पकडत असे, नवा बराच खाली पकडू लागला. मुलाने सवयीप्रमाणे पाय उचलला आणि इतक्या महिन्यांनी गाडी पुन्हा बंद पडली. तो गोंधळला, मग त्याने स्वतःच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, पहिला गिअर टाकला आणि सुरुवातीच्या दिवसांसारखा क्लच हळूहळू सोडत नवी जागा शोधली. त्याला १५ मिनिटेही लागली नाहीत. तोपर्यंत मला शंका होती की त्याच्या पायाने केवळ एक जागा पाठ केली आहे; त्या दिवशी दिसले की तो ऐकत होता.

गर्दीत गाडी बंद पडणे हा या वयाच्या मुलांसाठी स्वतंत्र विषय आहे. मागून हॉर्न वाजू लागले की त्याचे कान लाल होत आणि तो क्लच न दाबताच किल्ली फिरवत असे. त्यावर आम्ही एकच क्रम पक्का केला: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, किल्ली, पहिला गिअर, आरसा. मैदानात मी पूर्वसूचना न देता "बंद" म्हणत असे आणि त्याने गाडी खरोखर बंद करून हा क्रम पूर्ण करायचा. साधारण ४० वेळा हे झाल्यावर रस्त्यावरचे हॉर्न त्याला ऐकू येत राहिले, पण हातपाय आपले काम करू लागले.

ज्या देशांत स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिल्यास परवानाही तेवढ्यापुरताच मिळतो, तेथे गिअरच्या गाडीवर शिकण्याचा व्यावहारिक लाभ उघड आहे. ज्या मुलांना रहदारीचीच फार धास्ती वाटते, त्यांना आधी स्वयंचलित गाडीवर रस्ता शिकवून मग क्लचकडे आणणे मला अधिक सुरक्षित वाटते. डिझेल गाडी मिळत असेल तर कमी आरपीएमवरच्या तिच्या जोरामुळे ती सहजासहजी बंद पडत नाही. मात्र तिच्यावर शिकलेल्याला नंतर लहान पेट्रोल गाडी पुन्हा नव्याने समजून घ्यावी लागते.

सध्या तो रहदारीत व्यवस्थित चालवतो, उतारावर ब्रेक तापवण्याऐवजी खालचा गिअर ठेवतो आणि थांबवलेली गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरतो. चढावर, अरुंद जागेत, रिव्हर्स गिअरमध्ये गाडी मागे घेणे अजून त्याला नीट जमत नाही. त्यासाठी आम्ही दर रविवारी सकाळी तासभर सराव करतो, आणि त्या तासात मी शक्यतो बोलत नाही.