ईसीएमच्या स्क्रूवर कुंभारणीचं घर

आमची अल्टो 2007 सालची. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन. घर वेळणेश्वरच्या अलीकडे, समुद्राला लागून. इथल्या खाऱ्या हवेत दाराची कडी दोन पावसाळे धड टिकत नाही, तिथे ही गाडी इतकी वर्षं टिकली हेच पुष्कळ.

गेल्या श्रावणात ती सकाळच्या वेळी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर पेटच घेईना. स्टार्ट व्हायची, पण आयडलिंगला अख्खी गाडी थरथरायची आणि चढाला दुसऱ्या गिअरमध्येही गचके द्यायची. पंधरा-वीस मिनिटं चालून इंजिन तापलं की सरळ. कोरड्या, उन्हाच्या दिवशी तर तक्रारच नाही. दुखणं ओलीचं आहे हे यातच दिसत होतं, पण माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

गणपती तोंडावर, मुंबईहून भावाचं बिऱ्हाड येणार, त्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायचं. ही घाई मी स्वतःच गॅरेजवाल्याला सांगून बसलो, हा पहिला गाढवपणा. हायवेलगतचं मोठं गॅरेज, काचेची केबिन. त्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे फिरवून धरली आणि मिनिटभरात म्हणाला, "साहेब, ईसीएम गेलाय. नवा परवडायचा नाही तुम्हाला. कोल्हापूरला पाठवून रिपेअर करून आणतो." ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर.

सहा दिवसांनी गाडी मिळाली. ईसीएम रिपेअर 7,000, स्पार्क प्लगना करंट नेणाऱ्या वायरींचा सेट 1,200, तीन प्लग 900, इंजेक्टर क्लीनिंग 1,500, मजुरी 1,700. एकूण 12,300, तेही कच्च्या चिठ्ठीवर. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले हो, कोण ठेवतंय." बॉनेट उघडून बघितलं, वायरी काळ्याभोर चकचकीत. मी खूश.

चार दिवस गाडी खरंच छान चालली. चतुर्थीच्या आदल्या रात्री पावसाने झोडपलं आणि सकाळी पुन्हा तेच रडगाणं. मूर्ती शेजाऱ्याच्या रिक्षातून आणली. फोन केला तर म्हणतो, "आता फ्युएल पंप बघावा लागेल. पाच हजार धरून चाला."

विसर्जनानंतर आमच्याच वाडीतल्या एका पोराला बोलावलं. तो मच्छीमार होड्यांची इंजिनं बघतो, त्यामुळे खारं पाणी काय काय करतं ते त्याला पाठ. "काका, काळोख पडल्यावर येतो," म्हणाला. मला वाटलं, टाळतोय.

पण आला. अंगणातला दिवा घालवायला सांगितला, इंजिन चालू केलं आणि फुलझाडांवर मारायच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला. मधल्या वायरीतून निळी ठिणगी टिक-टिक करत शेजारच्या लोखंडावर उडायला लागली, आणि इंजिन लगेच थरथरलं. प्लगपर्यंत जायचा करंट वाटेतच गळत होता. मग त्याने इन्सुलेटेड पक्कडीने प्लगवरची एकेक टोपी काढून बघितली. पहिली आणि तिसरी काढली की इंजिन बसायला यायचं, मधली काढली तर आवाजात तसूभर फरक नाही. मधला प्लग तिसऱ्यात आणि तिसरा मध्ये घालूनही मधलाच सिलिंडर मेलेला, म्हणजे प्लगचा दोष नाही. वायर ओढून काढली तर आतल्या क्लिपवर हिरवा कळंक. फडक्याने पुसली तर वरची चकाकी फडक्यावर आली आणि खाली तडे गेलेलं रबर. नवा सेट कसला, जुन्याच वायरींना डॅशबोर्डचं पॉलिश मारलेलं! त्या तेलकट थराने चार दिवस ओल धरू दिली नाही, म्हणून गाडी चालली. प्लगही जुनेच, झिजलेले.

"आणि ईसीएम?" मी विचारलं. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि हसायलाच लागला. ईसीएमच्या पट्टीवर, नेमकं स्क्रूच्या डोक्यावर, कुंभारमाशीचं मातीचं घर. वाळून दगड झालेलं, पिल्लं उडून गेल्याची भोकं असलेलं. ते फोडल्याशिवाय स्क्रूला पाना लागणंच शक्य नाही. म्हणजे माझा ईसीएम कोल्हापूरला तर सोडाच, जागचा हललासुद्धा नव्हता.

नव्या वायरी 650 ला आणल्या, प्लग 330, त्याने हाताचे 200 घेतले. पुढचा सगळा पाऊस गाडीने हूं की चूं केलं नाही. मिसिंगच्या काळात तेराच्या ॲव्हरेजवर आली होती, ती परत अठरावर गेली.

फोटो घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने आधी आवाज चढवला, मग केबिनमध्ये नेऊन चहा. वायरी आणि प्लगचे 2,100 परत दिले, "पोरांनी चूक केली" म्हणून. ईसीएमवर मात्र हटेना. म्हणतो, "माशीने नंतर बांधलं असेल." सहा दिवस गाडी त्याच्याकडे होती आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत घर बांधून, पिल्लं वाढवून, उडूनसुद्धा गेली म्हणे!

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आहे. पहिला प्रश्न आला, जीएसटीचं बिल आहे का? माझ्याकडे चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि मातीच्या घराचे चार फोटो. तेच पाठवले.