प्रबंधाला काय घ्यावं: मोठ्यांचा नायटा की लहानग्यांचा एक्झिमा?

बेळगावात त्वचारोगात एमडी करणारी भाची विषयावरून अडलीये. दोन्हीकडे काय आहे ते मांडतो.

रुग्ण नायट्याला कमी पडणार नाहीत. खानापूर, निपाणी, चंदगड, कुठूनही येतात. निम्मे मेडिकलमधून परस्पर घेतलेलं स्टिरॉइडचं मलम चोळूनच. एक्झिमाची, म्हणजे इसबाची, मुलंही येतात, पण आजार थंडीत उसळतो नि मध्येच निवतो. बरं वाटलं की आई पुन्हा फिरकत नाही, मग पाठपुरावा कसला!

नायट्यावर सध्या लिखाणाचा पूर आहे. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला अनेकदा दाद न देणाऱ्या नायट्याच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, तेव्हापासून जास्तच. म्हणजे नवं सांगायचं तर जनुकीय तपासणी हवी. केओएच स्लाइड (त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) स्वस्त, कल्चरला (बुरशी वाढवून बघायला) काही आठवडे. पण नेमकी प्रजाती तेवढ्याने ठरत नाही. खरा खर्च तिथे.

एक्झिमाला तीव्रता मोजणारा स्कोरॅडचा तक्ता नि चिकाटी पुरते. मुलांवरचा अभ्यास मागून येतो: एक्झिमावरच्या डुपिलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत प्रौढांसाठी 2017 ला, सहा महिन्यांच्या बाळांसाठी 2022 ला मान्यता. त्यामुळे जागा मोकळी आहे. कागदपत्रं मात्र जास्त: पालकांची संमती, सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार, तेही मराठी-कन्नड दोन्हींत.

लॅबचा आधार आणि निधी असेल तर नायटा घे. पैसे नसतील पण फोन करकरून माणसं परत बोलावण्याचा कंटाळा नसेल, तर एक्झिमा. निव्वळ वेळेत सुटायचंय? नायटाच, जनुकांच्या नादी न लागता.