सराफ्यातल्या नाणीवाल्या काकांनी माझा करोडोंचा डॉलर तीन मिनिटांत निकालात काढला

चार स्टार, पाचवा का कापला ते खाली सांगतो.

इंदूरच्या सराफ्यात एका गल्लीत जिन्याखाली हे दुकान आहे, बोर्ड नाही, चांदीवाल्याला विचारलं की दाखवतो. मी 1804 चा अमेरिकन चांदीचा डॉलर घेऊन गेलो होतो, ओळखीच्या ओळखीतून साडेतीन हजारांना घेतलेला (घरी दीड हजार सांगितलंय, प्लीज).

काकांनी आधी नाणं बघितलंच नाही, सरळ काट्यावर टाकलं. 21 ग्रॅम! खरा जवळपास 27 चा हवा. मग कड दाखवली, माझ्यावर आपल्या रुपयासारखे दाते, आणि खऱ्याच्या कडेला अक्षरं असतात, शंभर सेंट म्हणजे एक डॉलर अशा अर्थाची. "भिया, चाय पियो और इसको भूल जाओ." आता मुलगी त्याचा कॅरमचा स्ट्रायकर करते, साइज जवळजवळ तीच आहे.

पण चहासोबत काकांनी जो किस्सा सांगितला त्यालाच खरं तर दोन स्टार. 1804 साल घातलेला डॉलर 1804 मध्ये बनलाच नाही! त्या वर्षी टांकसाळीने 19,570 डॉलर पाडले खरे, पण जुन्याच ठशांनी, म्हणजे साल बहुतेक 1803 किंवा आधीचंच. मग 1834 मध्ये सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट द्यायला नाण्यांचे सेट हवे होते, रेकॉर्डमध्ये डॉलरचं शेवटचं साल 1804 दिसलं, म्हणून तेच घातलं. पुढे टांकसाळीतल्याच लोकांनी गुपचूप आणखी पाडले, त्यातला एक तर 1857 च्या स्विस नाण्यावरच ठोकलाय, तो आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. सगळे मिळून पंधरा-सोळाच. सुलतानवाला 2021 मध्ये 76.8 लाख डॉलरला गेला, आणि मी साडेतीन हजारात तोच घ्यायला निघालो होतो, हसा आता.

आता कापलेला स्टार. काकांकडून सूर्याचं तोंड असलेला होळकरांचा रुपया घेतला, वजन बरोबर, चांदी खरी, पण घरी उन्हात धरला तर आरशासारखा चकाचक, म्हणजे कोणीतरी घासून काढलेला. जुन्या चांदीवरचा तो काळपट थर गेला की हौशी लोक किंमत पाडतात, आणि इतका जाणकार माणूस हे सांगत नाही? फोन केला तर म्हणाले, "ग्राहक को चमक पसंद है." परत घेतला नाही, पुढच्या खरेदीत ॲडजस्ट करू म्हणाले.

दुपारी जा, संध्याकाळी दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले लागायला लागले की काकांचं लक्ष शटरकडे असतं. गाडी राजवाड्याजवळ लावून चालत जा, आत नेऊ नका.