गूगल बिझनेस प्रोफाइल : टाकी धुण्याच्या धंद्याला किती कामी येतं

मी आणि धाकट्या भावानं जुळे सोलापुरातनं पाण्याच्या टाक्या आणि हौद धुवून द्यायचं काम सुरू केलंय. दुकान नाही. एक छोटा हत्ती, त्यात जेट पंप, गाळ ओढायचा पंप, पाइपा आणि आम्ही दोघं. बोर्ड लावायला भिंतच नाही म्हटल्यावर गिऱ्हाईकानं आपल्याला शोधायचं कुठं, हा पहिला प्रश्न. त्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारं आपल्या धंद्याचं माहितीपान, वापरतोय, आणि फुकटची गोष्ट खरंच कामाची असते का असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

कामाची आहे. पण नुसती ती बनवून बसलं तर फोन वाजत नाही.

आधी एक सांगतो, जुने व्हिडिओ बघून लोक अजून गूगल माय बिझनेसचं अ‍ॅप शोधतात. ते याचंच जुनं नाव, 2021 लाच बदललं, आणि अ‍ॅप 2022 मध्ये बंद झालं, आता सगळं सरळ गूगल सर्च किंवा मॅप्समधनंच करायचं. आमच्यासारख्या घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी चांगली सोय म्हणजे घरचा पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी आपण कुठल्या भागात जातो ते टाकायचं, असे 20 भाग टाकता येतात. व्हेरिफिकेशनला, म्हणजे धंदा खरा आहे का हे गूगल तपासतं तेव्हा, बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तो एका दमात काढायचा, मधे कट नाही, त्यात रस्ता-परिसर, आपली गाडी, हत्यारं आणि धंदा आपलाच आहे याचा काहीतरी पुरावा दिसला पाहिजे. म्हणून गाडीवर नाव रंगवून घ्या, व्हिजिटिंग कार्ड छापून घ्या, मगच व्हिडिओला हात घाला. आणि नावात 'सोलापुरातील नंबर वन स्वस्त टाकी सफाई' असलं काही घुसवू नका, नियमात बसत नाही, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं.

आता खरा मुद्दा. सोलापूरचं पाणी कसं येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, उजनीचं असू दे, टाकळीचं असू दे नाहीतर हिप्परग्याचं, रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी हौद आणि वर टाकी, आणि पाणी साठलं की तळाला गाळ आलाच. पण भरलेली टाकी धुवायला कोण देईल? पाणी सांडायचं म्हटलं की घरातल्या बायका आधी नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. टाकी तळाला गेलेली असते ती पाणी यायच्या आदल्या दिवशी. म्हणून आम्ही पॅम्प्लेटवर तेच मोठ्या अक्षरात छापलं, 'पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकी धुवून देतो', खाली लिटरप्रमाणे रेट, आणि ज्या भागाची पाळी जवळ आलीय त्याच भागात पेपरमधनं वाटायला दिलं. सगळ्या गावात एकदम वाटण्यापेक्षा हे कितीतरी पटीनं चांगलं चालतं, खर्चही कमी.

प्रोफाइलचा उपयोग कळतो तो यानंतर. फोन आला की आम्ही प्रत्येकाला विचारतो, कुठनं कळलं? उत्तर बहुतेक वेळा एकच, पॅम्प्लेट बघितलं आणि मग गूगलवर नाव टाकून बघितलं. साहजिक आहे ना, जिना बऱ्याच जणांच्या घरातनंच असतो, अनोळखी माणसं घरातनं गच्चीवर जाणार, मग ही कोण माणसं आहेत हे बघणारच. तिथं धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा फोटो, सेवांच्या यादीत पॅम्प्लेटवरचाच रेट आणि गावातल्याच लोकांचे रिव्ह्यू दिसले की बोलणं सरळ 'उद्या किती वाजता येताय' वर येतं. फोटो मात्र घरमालकाला विचारूनच काढायचा.

रिव्ह्यूबद्दल माझं मत पक्कं आहे. काम झाल्यावर रिव्ह्यूचा क्यूआर कोड दाखवायचा आणि सगळ्यांनाच मागायचा, नुसतं खुश असलेल्यांना नाही. 'पाच स्टार द्या, पन्नास रुपये कमी करतो' हे गूगलच्या नियमात बसत नाही आणि तसंही ते वाचणाऱ्याला कळतं, सगळीकडं 'गुड सर्व्हिस, नाइस वर्क' एवढंच. त्यापेक्षा आपापल्या भाषेत लिहू द्या. अशोक चौकाकडच्या एका मावशींनी तेलुगूत लिहिलं की पोरांनी चपला बाहेर काढल्या आणि गाळ गटारीत न टाकता पोत्यात भरून नेला, आणि तेलुगू बोलणारे बरेच जण राहतात त्या पूर्व भागातनं फोन करणारे अजून त्याच रिव्ह्यूचा विषय काढतात. असलं वाक्य कुठल्या जाहिरातवाल्याला सुचणार नाही.

कमी कुठं पडतं? अंतराला गूगल महत्त्व देतं. शोधाला जुळणारी माहिती, अंतर आणि धंदा किती माहितीतला आहे यावर नंबर ठरतो, त्यामुळं आम्ही जुळे सोलापुरात आणि शोधणारा अक्कलकोट रोडला असेल तर त्याच्या जवळचे आधी दिसायची शक्यता जास्त. सेवेच्या भागात ते नाव टाकलं म्हणून तिथं वर दिसू असं नाही. तिकडं पॅम्प्लेट आणि तोंडी ओळखच लागते. दुसरं, प्रोफाइलवरनं किती जणांनी कॉलचं बटण दाबलं ते दिसतं पण नंबर लिहून घेऊन नंतर फोन करणारा त्यात येत नाही, म्हणून 'कुठनं कळलं' हे विचारणं सोडायचं नाही. आणि वाईट रिव्ह्यू आपल्याला आवडला नाही म्हणून निघत नाही, खाली शांतपणे उत्तर द्यायचं, ते पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

नवीन धंदेवाल्यांना अजून एक सांगायचंय. प्रोफाइल सुरू झालं की 'गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' म्हणणारे फोन येतात, आम्हालाही आला, वर्षाचे पैसे आधी मागत होता. मॅप्सच्या यादीतला वरचा नंबर गूगल पैसे घेऊन देत नाही, वेगळी जाहिरात करता येते पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. ते पैसे आम्ही लांब पाइप घ्यायला वापरले, तीन मजली घरांची कामं आता घेता येतात.