गोवा ते लिस्बन: दुबईमार्गे की दिल्ली-फ्रँकफर्टमार्गे?

लिस्बनला मुलीकडे निघालेल्या मडगावच्या एका परिचितांना पडलेला हा प्रश्न गोव्याच्या साष्टी तालुक्यातील अनेक घरांत पडतो. गोवा आणि लिस्बन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे. दुबई जवळजवळ याच सरळ रेषेवर येत असल्याने तेथे विमान बदलूनही अंतर फारसे वाढत नाही. दिल्ली-फ्रँकफर्टमार्गे मात्र ते सुमारे ९,५०० किलोमीटर होते, कारण आधी उत्तरेला जाऊन मग पश्चिमेकडे वळावे लागते.

प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ पहिल्या मार्गाने साडेअकरा तासांच्या आसपास, तर दुसऱ्याने साधारण चौदा तास धरावा. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात आणि लिस्बन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करून प्रवास लहान वाटून घेऊ नये.

दगदगीचा हिशेब निराळा आहे. दुबईमार्गे एकदाच विमान बदलावे लागते. दिल्लीत देशांतर्गत विमानातून उतरून इमिग्रेशनची रांग लावावी लागते, शिवाय डिसेंबर-जानेवारीतील धुके पुढचे विमान चुकवू शकते. फ्रँकफर्टला शेंगेन, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात, प्रवेशाची तपासणी होते. लिस्बनला मग ती नसते, एवढाच दिलासा. तिकिटे वेगवेगळी काढल्यास सामानही मध्येच उचलावे लागते. गोव्यातील विमानतळ दाबोळी की मोपा, हेही आधी पाहावे. मडगावकरांना मोपा बरेच लांब पडते.

वृद्धांना व लहान मुलांसह जाणाऱ्यांना दुबई सोयीची. दिल्लीत काम असलेल्यांनी किंवा भाड्यात भरघोस फरक मिळणाऱ्या धडधाकट प्रवाशांनीच दुसरा मार्ग धरावा.